दोन घडी मुरलेली फळे

वैशाख शुद्ध तृतीयेला जैन घरांत उसाच्या रसाला जे स्थान मिळते, ते वर्षातील अन्य कोणत्याही दिवशी कोणत्याच पेयाला मिळत नाही. दीक्षेनंतर वर्षाहून अधिक काळ निराहार राहिलेल्या भगवान ऋषभदेवांना हस्तिनापुरात श्रेयांसकुमारांनी इक्षुरसाचा आहार दिला, तो हा दिवस. वर्षीतपाची पारणी याच दिवशी इक्षुरसाने होतात. ज्या घरांची सराफी पेढी आहे, त्यांच्यासाठी अक्षय तृतीया हा गिऱ्हाइकांच्या गर्दीचाही दिवस. सकाळी तपस्वींचे पारणे, दिवसभर गल्ल्यावर उसंत नाही, आणि संध्याकाळी मात्र प्रश्न उभा राहतो तो चौविहाराचा.

हा प्रश्न त्या एका दिवसापुरता नाही. मे महिन्यात मुंबईत सूर्यास्त सातच्या सुमारास होतो, नागपुरात सुमारे वीस मिनिटे आधी. म्हणजे चौविहार करणाऱ्याला दिवसाचे शेवटचे अन्न नेमके त्या वेळी घ्यावे लागते, जेव्हा भिंती तापलेल्या असतात, भूक मेलेली असते आणि दुकानात गिऱ्हाईक नुकते सुरू झालेले असते. भाकरी-भाजीचा डबा पेढीवर जातो आणि अर्धा तसाच परत येतो. रात्री अन्न नाही, पाणीही नाही. मग दुसऱ्या दिवशी नवकारशीपर्यंत शरीराने काढायचे कशाच्या बळावर? थोरली माणसे याला तप म्हणून सहन करतात. नव्या पिढीतील मुलगा चार दिवस सहन करतो आणि पाचव्या दिवशी रात्री नऊ वाजता बाहेरून काहीतरी मागवतो. उन्हाळ्यात चौविहार सुटतो तो श्रद्धा कमी पडल्यामुळे नव्हे, तर सहा वाजता ताटात खावेसे वाटेल असे काही नसल्यामुळे. हा प्रश्न जितका धर्माचा आहे, तितकाच स्वयंपाकघराचा आहे.

फळे हे त्याचे सरळ उत्तर. पण नुसती चिरलेली फळे रोज खाल्ली जात नाहीत. लग्नाच्या पंगतीतले कस्टर्डचे फ्रूट सॅलड दुधाचे, आणि दुधाशी आंबट फळांचा मेळ आयुर्वेदाने विरुद्ध आहारात धरला आहे. अलीकडे फळांवर घालण्याच्या ड्रेसिंगच्या बाटल्या बाजारात आल्या आहेत. त्यांवरील हिरवा ठिपका पाहून अनेक घरे निर्धास्त होतात, आणि येथे सावध होणे जरूर आहे. हिरवा ठिपका पदार्थ शाकाहारी असल्याचे सांगतो. तो जैन आहाराची ग्वाही देत नाही. आपल्या देशातील नियमांनुसार मध शाकाहारी गणला जातो, म्हणून मध घातलेल्या बाटलीवरही हिरवा ठिपकाच असतो. जैन आचारात मात्र मध मद्य-मांसाच्याच पंक्तीला बसवला आहे. लसूण आणि कांद्याची पूड यांनाही हिरवा ठिपका चालतो. आंबटपणासाठी घातलेला शिरका म्हणजे व्हिनेगर. मद्य आंबवून तो होतो. जैन घराने वाचायची ती ठिपक्याखालची बारीक अक्षरे.

तेव्हा वरचा रस घरीच करायला हवा. त्यात गोडी हवी, पण मधाची नको. आंबटपणा हवा, पण शिरक्याचा नको. तिखटपणा हवा, पण ओल्या आल्याचा नको. इतके 'नको' ऐकून हात आखडतो. प्रत्यक्षात या तिन्ही जागा भरणारे पदार्थ महाराष्ट्राच्याच मातीत आहेत, आणि त्यांच्यापासून होणारा रस बाटलीतल्या कोणत्याही ड्रेसिंगपेक्षा सरस आहे. गोडीसाठी आटवलेला उसाचा रस, आंबटपणासाठी आमसूल, तिखटपणासाठी सुंठ आणि मिरे.

उसाचा रस आटवला की काकवी होते, हे कोल्हापूर-सांगलीकडच्या वाचकांना सांगायला नको. त्या भागातील कित्येक जैन घरे ऊस पिकवणारीही आहेत आणि गूळ विकणारीही. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये वसवलेल्या शाहूपुरीच्या पेठेत गुळाच्या ढेपा मोजण्यात ज्यांच्या पिढ्या गेल्या, त्यांना काकवीचा वास पुरेसा आहे. तिची गोडी मधासारखी नुसती जिभेवर बसत नाही; तिच्यात किंचित धुरकट, किंचित खारट अशी खोली असते. फळांना हीच खोली हवी असते, कारण पिकलेल्या फळात गोडी असतेच, नसतो तो तिला आधार.

विकतच्या काकवीची बाटली किती दिवसांची आहे हे कळायला मार्ग नसतो. म्हणून ज्यांना शक्य आहे त्यांनी रस आणून त्याच दिवशी घरी आटवावा. रसवंतीगृहात सांगताना तीन गोष्टी सांगाव्यात : आले नको, लिंबू नको, बर्फ नको. तेवढ्याने भागत नाही. आधीच्या गिऱ्हाइकासाठी उसाच्या कांड्यात आले खुपसून पिळलेले असते, त्याचा अंश चरकात राहतो. चरक धुऊन घ्यायला सांगावे. ओळखीचा रसवाला नाही म्हणत नाही. घरी आल्यावर रस जाड फडक्यातून गाळावा आणि लगेच आचेवर चढवावा, कारण उन्हाळ्यात उसाचा रस फार लवकर काळवंडतो आणि आंबू लागतो.

एक लिटर रस पसरट स्टीलच्या पातेल्यात मध्यम आचेवर ठेवला की पहिल्या उकळीला करडी-हिरवी मळी वर येते. ती झाऱ्याने काढत राहावे. या कामात कंटाळा करणाऱ्याची काकवी गढूळ आणि उग्र होते. मळी येणे थांबले की रसाचा रंग पालटू लागतो, बुडबुडे मोठे आणि सावकाश होतात. पाऊण तासाच्या आसपास एक लिटराचा पाव लिटर उरतो. तार पाहत बसण्याची गरज नाही. चमच्याच्या पाठीवर पातळ थर धरला की उतरवावे, गार झाल्यावर तो आपोआप दाटतो. ज्यांना हे जमणार नाही, त्यांनी चांगल्या गुळाचा खडा थोड्या पाण्यात उकळून, गाळून घ्यावा. चव तितकी गहिरी येत नाही, पण काम भागते.

आता आमसूल. कोकमाची फळे एप्रिल-मे महिन्यांत पिकतात. त्यांच्या साली मिठासह त्यांच्याच रसात पुन्हा पुन्हा बुडवून उन्हात वाळवल्या की आमसुले होतात. कोकणात आगळही मिळते, म्हणजे कोकमाचा मीठ घातलेला रस. ते सोयीचे असले, तरी मीठ घालून न वाळवता महिनोन्महिने ठेवलेल्या वस्तूला अनेक जैन घरे लोणच्याचाच नियम लावतात, आणि तो नियम ज्यांचा आहे त्यांच्यासाठी कडकडीत वाळलेले आमसूलच योग्य. दहा-बारा आमसुले निवडून, धुऊन, अर्धी वाटी उकळत्या पाण्यात अर्धा तास भिजवावीत, हाताने कुस्करून पाणी गाळून घ्यावे. माणकासारखा लाल रंग उतरतो. भांडे स्टीलचे किंवा काचेचे असावे. तांबे, पितळ किंवा अॅल्युमिनियम या आंबटाला चालत नाही. आमसुलाऐवजी लिंबू घेणाऱ्यांनी घ्यावे, परंतु लिंबाचा वास खरबुजाच्या नाजूक वासाला झाकून टाकतो. आमसूल वासाने नम्र आहे. ते आंबट करते आणि बाजूला होते.

सहा माणसांच्या फळांसाठी चार मोठे चमचे आटवलेला रस, तीन मोठे चमचे आमसुलाचे पाणी, पाव लहान चमचा सुंठपूड, अर्धा लहान चमचा भाजलेल्या जिऱ्याची पूड, दोन चिमटी मिरपूड. सैंधव किंवा काळे मीठ मात्र चाखूनच घालावे, कारण आमसुलात मीठ असतेच आणि ते कमी-जास्त असते. सुंठ ताजी कुटलेली असेल तर पाव चमच्यापेक्षाही कमी पुरते. ओले आले कंदमूळ म्हणून वर्ज्य, पण वाळलेली सुंठ बहुतेक घरांत चालते, हा भेद जैन गृहिणीला जन्मापासून ठाऊक आहे. परदेशात वाढलेल्या सुनेला मात्र तो कोणीतरी सांगावा लागतो.

हा रस फळांवर घालून लगेच वाढता येतो. पण त्याचे खरे रूप दिसते ते पाऊण तासाने, आणि येथेच जैन आचाराची एक जुनी मर्यादा पाककलेच्या कामी येते. श्वेतांबर परंपरेतील अनेक घरांत सचित्तत्यागाचा नियम असणारी व्यक्ती फळ चिरून, बी पूर्णपणे काढून, दोन घडी म्हणजे ४८ मिनिटे झाल्याशिवाय ते घेत नाही. तेवढ्या काळाने ते अचित्त होते असे मानले जाते. दिगंबर परंपरेत सचित्तत्याग ही अकरा प्रतिमांपैकी पाचवी. तेथे वस्तू प्रासुक होण्याचे जे मार्ग सांगितले आहेत, त्यांत वाळवणे, शिजवणे, तापवणे यांबरोबरच आंबट व खारट द्रव्य मिसळणे आणि उपकरणाने चिरणे यांचाही समावेश आहे. आमसूल आणि सैंधव यांचा हा रस चिरलेल्या फळांवर पडतो, तेव्हा तो नकळत त्याच वाटेने चालतो. कोणत्या नियमात नेमके काय बसते, हे ज्याने त्याने आपल्या गुरुमहाराजांना विचारून घ्यावे. पंथापंथांत आणि घराघरांत मर्यादा वेगळ्या आहेत.

जिभेच्या बाजूने पाहिले तरी ही ४८ मिनिटे वाया जात नाहीत. मीठ आणि साखर फळाच्या पेशींतील पाणी बाहेर ओढतात, ते पाणी आटवलेल्या रसात मिसळते, आणि दाट रस सैल होऊन फोडींमध्ये शिरू लागतो. खरबुजासारख्या सौम्य फळाला स्वतःचा आंबटपणा जवळजवळ नसतो. तो त्याला बाहेरून मिळतो. चिकू कापल्यावर काळवंडतो, त्याला आमसुलाचा आंबटपणा थोडा आवर घालतो. वीस मिनिटांनी चाखले तर फळ वेगळे आणि रस वेगळा लागतो. पाऊण तासाने दोन्ही एक झालेले असतात. दोन तासांनी मात्र फोडी मऊ पडतात आणि उन्हाळ्यात कापलेले खरबूज तसे ठेवणे प्रकृतीलाही बरे नाही. सामायिकही दोन घडींचेच. फळे मुरत ठेवून आजी सामायिकाला बसल्या की त्या उठेपर्यंत वाटी तयार असते. मन मधूनच वाटीकडे गेले, तर तो दोष वाटीचा नव्हे.

फळांची निवड या एका कसोटीवर करावी : बी पूर्णपणे आणि सहज वेगळे होते का? खरबूज येथे पहिल्या क्रमांकावर आहे. त्याच्या सगळ्या बिया मधल्या पोकळीत असतात आणि चमच्याने एका फेऱ्यात निघतात. पपईचेही तसेच. हापूस किंवा केशर आंब्याला एकच कोय. चिकूत दोन-चार बिया, काळ्याभोर, न चुकणाऱ्या; डहाणू-घोलवडचा चिकू या दिवसांत मिळाला तर अवश्य घ्यावा. एक मध्यम खरबूज, दोन आंबे, चार चिकू एवढे सहा माणसांना पुरते. कलिंगड टाळावे. त्याच्या बिया गरभर विखुरलेल्या असतात, आणि मीठ लागताच त्याला इतके पाणी सुटते की रसाचे सरबत होते. अंजीर तर प्रश्नातच नाही. पुरंदरचे कितीही रसाळ असले तरी ते उदुंबर वर्गातले. जांभळाला तुच्छ फळांत धरणारी घरे आहेत, त्यांनी ते सोडावे. आणि बाजारात परदेशी नावांची जी नवी फळे दिसू लागली आहेत, त्यांच्या बाबतीत अनोळखी फळाचा जुना नियम आजही शहाणपणाचा वाटतो : नावगाव कळल्याशिवाय घरात आणू नये.

वर पुदिना भुरभुरण्याचा मोह होईल. फाल्गुन चौमासीपासून भाजीपाल्याचा त्याग करणाऱ्या श्वेतांबर घरांत तो चालणार नाही, आणि त्याच काळात काजू, मनुका, खजूर, खारीक यांचाही त्याग असतो. तेथे त्याच दिवशी फोडलेल्या बदामाचे काप किंवा ओल्या खोबऱ्याचा कीस घालावा. खोबरे तर या रसाशी फारच जुळते. काकवी आणि खोबरे ही जोडी कोल्हापूरकडे नवी नाही.

चिरण्याआधी खरबुजाची साल घासून धुवावी; तिच्या जाळीदार खाचांत शेतातली माती असते आणि सुरी तीच माती गरात नेते. आंब्याचा देठाकडचा भाग नीट पाहावा. कोयीजवळ कीड असलेला आंबा बाहेरून निर्दोष दिसतो, म्हणून दोन्ही कापे उजेडात पाहून मगच फोडी कराव्यात. ही जयणा घाईत होत नाही, आणि घाई संध्याकाळी पाच वाजताच असते. हापूसच्या फोडी खरबूज-चिकूत कालवू नयेत. त्या वर ठेवाव्यात आणि रस वरून सोडावा, नाही तर लगदा होतो.

थंडाव्यासाठी बर्फ नको. हिम बावीस अभक्ष्यांत मोजले आहे. फळांचे झाकलेले भांडे पाणी भरलेल्या परातीत ठेवून त्यावर ओले फडके टाकावे, फडक्याची टोके पाण्यात बुडलेली असावीत. पाणी वाफ होऊन उडताना भांड्याची उष्णता घेऊन जाते. माठाचे तत्त्वच ते. विदर्भातल्या कोरड्या हवेत हा उपाय उत्तम चालतो. मुंबईच्या दमट हवेत कमी, पण दाताला झिणझिण्या आणणाऱ्या गारव्यापेक्षा या फळांना हा माफक गारवाच शोभतो.

आता वेळेचा हिशेब, कारण व्यापारी घरात हिशेब जुळल्याशिवाय काहीच टिकत नाही. मुंबईत सूर्यास्त सातला धरला आणि सव्वासहाच्या पुढे डबा उघडायचा असेल, तर साडेपाचच्या आत फळे चिरून, बिया काढून झालेली हवीत. सूर्यास्तापूर्वी दोन घडी आहार संपवणाऱ्या दिगंबर कुटुंबांना, त्यातून नागपूरसारख्या गावी, हे सगळे पाऊण-एक तास आणखी मागे न्यावे लागेल. तेथे पावणेसहाच्या सुमारास तोंड धुऊन झालेले असावे. काकवी सकाळच्या गारव्यातच आटवून ठेवावी. पेढीवर न्यायचे असेल तर फळे आणि रस घरीच एकत्र करून डबा बंद करावा. मुरण्याची अर्धी वेळ वाटेतच जाते. स्टीलचा डबा, झाकण घट्ट, ओल्या फडक्यात गुंडाळलेला. गल्ल्यामागच्या खोलीत पाच मिनिटांत हे खाऊन होते. हात चिकट होत नाहीत, वास कापडाला किंवा कागदाला लागत नाही, आणि गिऱ्हाइकाला ताटकळावे लागत नाही.

एकाच घरात चार नियम असणे आज नवल राहिलेले नाही. आजींचा सचित्तत्याग, मुलाचा चौविहार, सुनेला फक्त कंदमुळाचा त्याग, नातवाला अजून काहीच नाही. मग चार वेगळ्या वाट्या होतात, चार वेगळ्या वेळा होतात, आणि नातवाला नियम ही म्हाताऱ्यांची खाजगी बाब वाटू लागते. सर्वांत कडक नियमाला धरून केलेला पदार्थ बाकी सर्वांना आपोआप चालतो. अट एवढीच की तो नातवालाही दुसऱ्यांदा मागावासा वाटला पाहिजे. आमसुलाचा लाल रस पांढुरक्या खरबुजावरून ओघळताना दिसला की मुले विचारत नाहीत यात काय नाही. विचारतात यात काय आहे.

अष्टमी, चतुर्दशीला जेथे हिरवे वर्ज्य असते, तेथे त्या दिवशी हा बेत नाही. आंब्याची मुदतही ठरलेली. सूर्य आर्द्रा नक्षत्रात गेला, म्हणजे साधारण २१-२२ जून झाला, की श्वेतांबर घरांतून आंबा उठतो. तोवर अक्षय तृतीयेपासून काही आठवडे हाताशी असतात. पुढे पपई आणि चिकू यांवर हाच रस चालतो, पण पावसाळी हवेत आमसुलाचे पाणी थोडे कमी आणि सुंठ थोडी जास्त घ्यावी.

फळे संपल्यावर वाटीच्या तळाशी दोन-तीन चमचे रस उरतो. तो टाकायचा नसतो. उकळून गार केलेले पाणी त्यात घालून वाटी फिरवावी. त्या पाण्याला कोकमाचा रंग, काकवीची गोडी आणि सुंठेची किंचित धार येते. घरातली वडीलधारी माणसे ताट धुऊन पितात, तेच हे. फरक इतकाच, की हे धुवण प्यायला नातवंडेही वाटी पुढे करतात. मात्र घड्याळाकडे पाहून, सूर्य मावळायच्या आत.